फर्डिनांडची आई

शनिवार, रात्री उशिरा

मनूच्या वाढदिवसाला पुस्तकं द्यायची म्हणून संध्याकाळभर मोबाइलवर शोधत बसले. ‘मुलांचा आत्मविश्वास वाढवणारी पुस्तकं’ म्हटलं की जी काही निघतात, ती सगळी एका छापाची. मुखपृष्ठावर कमरेवर हात ठेवलेली मुलगी, तिच्या खांद्याला लाल कापड, मागे इंद्रधनुष्य. आत पानागणिक एक वाक्य. मी शूर आहे. मी सुंदर आहे. मी काहीही करू शकते. शेजारणीने असंच एक वाचायला दिलं होतं. मनूने ते भराभर उलटलं आणि विचारलं, “पण ह्यात होतं काय?”

काहीच होत नाही, खरंच. स्वतःच स्वतःची आरती ओवाळायची आणि पान उलटायचं. शिवाय सहा वर्षांच्या पोरीला आपलं काय जमतं नि काय नाही, हे पक्कं ठाऊक असतं. सायकलची मागची छोटी चाकं काढायचं नाव काढलं तरी मनूच्या डोळ्यांत पाणी येतं. तिला ‘तू काहीही करू शकतेस’ म्हटलं, तर ती माझ्याकडे नुसती बघत राहील.

सोमवार

आज फर्डिनांड काढला. मन्रो लीफची गोष्ट, रॉबर्ट लॉसनची चित्रं, पुस्तक १९३६ सालचं. चित्रं नुसती काळी-पांढरी, पण मनूला रंगांची आठवणसुद्धा झाली नाही. पुस्तक इंग्रजी, मांडीवर उघडं ठेवायचं आणि तोंडाने मराठी सांगायचं, ही आमच्या घरची पद्धत.

स्पेनमधला एक गोऱ्हा. बाकीचे गोऱ्हे दिवसभर उड्या मारतात, एकमेकांना ढुशा देतात. माद्रिदच्या झुंजीसाठी आपली निवड व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. हा मात्र बुचाच्या झाडाखाली एकटा बसून फुलं हुंगतो. लॉसनने त्या झाडाला चक्क बाटलीची बुचं लटकवली आहेत, घोसच्या घोस. मनू त्या पानावर बराच वेळ बोट फिरवत बसली.

फर्डिनांडच्या आईला काळजी वाटते, की पोर एकटं पडेल. ती येऊन विचारते, तू इतरांसारखा खेळत का नाहीस? तो म्हणतो, मला इथेच बरं वाटतं. तो एकटा आहे पण उदास नाही, हे तिच्या लक्षात येतं आणि ती त्याला बसू देते. गाय असूनही ती समजूतदार होती, असं लेखक मिश्कीलपणे सांगून मोकळा होतो.

मनू म्हणाली, “तिने त्याला क्लासला नाही घातलं?”

मी हसले, पण पुढचं पान उलटायला मला जरा वेळ लागला.

पुढे तो चुकून गांधीलमाशीसारख्या एका जाड्या माशीवर बसतो, ती डंख मारते, हा फुरफुरत सैरावैरा उधळतो, आणि बैल निवडायला आलेल्या माणसांना वाटतं, हाच तो! वाजतगाजत माद्रिदला नेतात. मैदानात मध्यभागी जाऊन हा बघतो तर काय, प्रेक्षक बायकांच्या केसांत फुलं. बसतो तिथेच फतकल मारून. शेवटी त्याला घरी पाठवून देतात. एवढीच गोष्ट. ती बाहेर पडली तेव्हा स्पेनमध्ये यादवी युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, आणि पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत या पुस्तकावर बंदी होती. न लढणाऱ्या एका बैलाची केवढी ती धास्ती!

मला आवडतं ते असं, की फर्डिनांडची फुलं पुढे कुणाच्या उपयोगी पडत नाहीत. त्या लाल नाकाच्या रेनडिअरचं बघा. १९३९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानासाठी रॉबर्ट मे यांनी लिहिलेली नाताळची गोष्ट. सगळे त्याच्या नाकाला हसतात. मग धुक्याची रात्र येते, ते चमकणारं नाक सांताच्या गाडीपुढे दिव्याचं काम करतं, आणि तो लाडका होतो. गोष्ट गोड आहे. पण धुकं पडलंच नसतं तर? आपल्याकडेही हेच चालतं. मुलगी चित्रं काढते म्हटलं, की समोरचा लगेच म्हणतो, मग एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवा, दहावीला वाढीव गुण मिळतात. तिला नुसतं काढत बसू द्यावं, हे कुणाच्या मनातच येत नाही.

बुधवार

मनू शिबिरातून आली. सासूबाई दारातच म्हणाल्या, “काय गं ही, उन्हाने पार काळवंडली पोर! डाळीचं पीठ नि साय लावत जा तिला.” मनूने आपला हात माझ्या हाताशेजारी धरून पाहिला, मग आजीच्या. काही बोलली नाही.

सासूबाई मनाच्या वाईट नाहीत. त्यांच्या लग्नाच्या वेळी माहितीत ‘निमगोरी’ लिहिलं होतं आणि तेवढ्यावर तीन स्थळं परत गेली, हे त्या अजूनही सांगतात. त्यांना ती धास्ती मनूसाठी वाटते.

रात्री ‘सुल्वे’ वाचायचं की नाही यावर घोळ घातला. अभिनेत्री लुपिटा न्योंगोने लिहिलेलं, २०१९ सालचं. सुल्वेचा रंग मध्यरात्रीसारखा, बहिणीचा उजळ. सुल्वे खोडरबराने कातडी घासते, आईची पावडर फासते, देवाला साकडं घालते. व्हॅश्टी हॅरिसनने रात्रीची चित्रं अशी काढली आहेत की निळ्या-जांभळ्या काळोखातून उजेड झिरपतो. माझी अडचण अशी, की जिच्या मनात अजून हे आलंच नाही, तिला खोडरबराची कल्पना आपणच का द्या? पण त्या हातांवरून कळलं, की कल्पना आधीच घरात शिरलेली आहे. वाचलं. खोडरबराच्या पानावर मनू म्हणाली, “दुखेल ना तिला.”

त्यानंतर, झोपायच्या आधी, एझ्रा जॅक कीट्सचा पीटर. हे पुस्तक मला त्याहून जास्त आवडतं. १९६२ सालचं. काळ्या कातडीचा छोटा पीटर लाल कपडे घालून बर्फात जातो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळतो. पीटरच्या रंगाबद्दल आख्ख्या पुस्तकात अवाक्षर नाही. त्याला कुणी ‘तू सुंदर आहेस’ म्हणत नाही, त्याचा दिवस मात्र फार छान जातो. अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांत काळं मूल असं सहज, घरच्यासारखं दिसणं तेव्हा दुर्मीळ होतं. पुढच्या वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

मराठीत ही सहजता माधुरी पुरंदरे यांच्याकडे आहे. लिहितातही त्या, काढतातही त्याच. ‘राधाचं घर’ मनूला दाखवलं की तिला ते घर ओळखीचं वाटतं. घर ओळखीचं, माणसं ओळखीची. त्यात कुणी कुणाला शाबासकी देत बसत नाही.

गुरुवार

दमले आहे. थोडंच लिहिते. पीटर रेनॉल्ड्सचं ठिपक्याचं पुस्तक पुन्हा चाळलं. चित्रकलेच्या तासाला मुलीचा कागद कोरा. बाई रागवत नाहीत, ‘वा वा’ही करत नाहीत. एक खूण कर आणि बघ ती तुला कुठे नेते, म्हणतात. ती रागाने मार्कर टोचून ठिपका काढते. बाई म्हणतात, आता सही कर. पुढच्या आठवड्यात तो ठिपका सोनेरी चौकटीत बाईंच्या टेबलाच्या वर टांगलेला! कौतुकाचा एक शब्द नाही आणि पोरगी ठिपक्यांमागून ठिपके काढत सुटते.

मी दिवसातून कितीदा ‘हुशार माझी बाय’ म्हणते, देव जाणे. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा अभ्यास आठवला. ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढे सोपी कामं निवडायला लागली आणि अवघड आलं की लवकर सोडून देऊ लागली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं मात्र टिकून राहिली.

रविवार

सकाळी चमकत्या खवल्यांचा मासा. त्या चंदेरी खवल्यांवर बोट घासायला मनूला फार आवडतं आणि मला ती गोष्ट फार खटकते. खवले वाटून टाक म्हणजे मित्र मिळतील, हा ऑक्टोपसचा सल्ला. वाटून खावं हे ठीकच. पण अंगावरचं सोलून द्यायचं?

दुपारी महाश्वेता देवींची मोयना. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने काढलेलं, कन्यिका किणींच्या चित्रांचं. शबर आदिवासींची ही पोरगी बाबूंच्या, म्हणजे जमीनदारांच्या, शेळ्या राखते आणि दिवसभर ‘का’ विचारते. पाणी आणायला नदीवर इतक्या लांब का जायचं? आम्ही दोन वेळा भात का खाऊ शकत नाही? शिकायला मिळावं म्हणून शाळेची वेळ बदला म्हणते, कारण सकाळी शेळ्या असतात. मोठी होऊन ती शिक्षिका होते आणि पोरांना म्हणते, आळस करू नका, प्रश्न विचारा. स्वतःवर प्रेम करा वगैरे बोलायला तिला सवडच नाही.

मनूने विचारलं, “बाबूंकडचं उरलेलं ती खात का नाही?”

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “का खाईल? शेळ्या ती राखते ना? कष्टाचं खाणाऱ्याने उष्टं कशाला खावं!” आणि चष्मा लावून पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. मोयनाचं चित्र जवळून पाहिलं. “तरतरीत आहे हो पोरगी,” म्हणाल्या.

रंगाबद्दल काही बोलल्या नाहीत. डाळीच्या पिठाची वाटी अजून बाथरूममध्ये आहे, ती मात्र मीच उद्या उचलणार.