फुकटचं इव्हनसाँग

खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा इव्हनसाँगला, म्हणजे चर्चमधल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला, गेलो ते तिकीट वाचवायला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये दिवसा टुरिस्ट म्हणून जायचं तर चांगले पाउंड मोजावे लागतात, पण ह्या प्रार्थनेला कोणीही जाऊन बसा, फुकट. हे कळल्यावर आपण तिकीट काढतोय होय!

तर गेलो घुमट बघायला आणि कॉयर, म्हणजे चर्चचं गायकमंडळ, ऐकत बसलो. पण खरी गोडी लागली ती नंतर, माझ्या खोलीजवळच्या छोट्याशा चर्चमध्ये. तिथे कॉयर नाही, ऑर्गन वाजवणारं कोणी नाही, सहा-सात म्हातारी माणसं आणि एक पाद्री, बस. शेजारच्या आजीबाईंनी काही न बोलता स्वतःचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांना पुस्तकाची गरजच नव्हती, सगळं पाठ, आमच्या आजीला हरिपाठ होता तसं.

ते पुस्तक म्हणजे बुक ऑफ कॉमन प्रेअर, चर्च ऑफ इंग्लंडचं प्रार्थनापुस्तक. पहिलं आलं 1549 ला, आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरच्या हातचं, आणि हे आजींचं 1662 च्या आवृत्तीचं. आधी सगळं लॅटिनमध्ये, मठातले साधू दिवसाचे आठ प्रहर धरून प्रार्थना म्हणणार, संसारी माणसाला कसं जमायचं ते? क्रॅन्मरने आठाच्या दोन केल्या, सकाळची आणि संध्याकाळची, त्याही इंग्रजीत. 150 स्तोत्रं महिन्याच्या 30 दिवसांना वाटून टाकली, म्हणजे रोज दोन्ही वेळा येणाऱ्याची महिन्यात सगळी होतात. फक्त 15 तारखेच्या संध्याकाळी सांभाळून जा, त्या दिवशी 78 वं असतं, सत्तरच्या वर वचनं, संपता संपत नाही.

कॉमन म्हणजे सगळ्यांची मिळून. पण सगळ्यांनी ती हौसेने घेतली असं काही नाही हं, कायदाच केला होता. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल, तिथल्या कितीतरी लोकांना इंग्रजी यायचंच नाही, तिथे आणि शेजारच्या डेव्हनमध्ये 1549 लाच बंड झालं, हजारो माणसं मारली गेली. क्रॅन्मरलाही पुढे 1556 ला त्याच्या धर्ममतांपायी ऑक्सफर्डमध्ये जिवंत जाळलं. आधी जीव वाचवायला त्याने ती मतं सोडल्याची माघारपत्रं लिहून दिली होती, म्हणून आगीत पहिल्यांदा तोच उजवा हात धरला म्हणतात. एवढं सगळं ह्या पातळशा पुस्तकामागे, आणि आजी ते पिशवीत चष्म्याच्या डबीशेजारी ठेवतात.

मला सगळ्यात आवडते ती पापाची कबुली. करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, करायला नको होतं ते केलं. झालं! नावगाव नाही, तपशील नाही, आणि 'मी' नाही, 'आम्ही'. आईला फोन करायचा राहिला तोही त्यात बसतो आणि आजींचं जे काही असेल तेही. कोणी म्हणेल पाठ केलेल्या शब्दांत मन कुठे असतं, खरी प्रार्थना आपल्या शब्दांत करावी. मला नाही पटत. आपले शब्द नेमके हवे असतात तेव्हाच गायब असतात, आणि मनाचं काय, ते कधी चौथ्या ओळीला येतं कधी येतच नाही, बाकीचे म्हणत असतात ना.

अजून एक गंमत. ह्या पुस्तकात देवाला 'दाऊ' (thou) म्हणतात आणि आजच्या इंग्रजांना ते फार भारदस्त, दरबारी वाटतं. अरे पण ते एकेरी आहे! विठ्ठलाला आपण 'तू'च म्हणतो की. त्यांच्या भाषेतून बिचारा 'तू' गेला, फक्त देवापाशी शिल्लक राहिला. नव्या पुस्तकांनी बऱ्याच ठिकाणी तिथूनही काढला, ते मला काही आवडलेलं नाही.

शेवटाकडे एक छोटी प्रार्थना आहे, आमचा अंधार उजळ प्रभो, ह्या रात्रीच्या संकटांपासून राख. मला तिथे हटकून शुभं करोति आठवतं. एकदा बाहेर पडताना आजींना सांगितलं, आमच्याकडेही दिवेलागणीला असंच म्हणतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मफलर गुंडाळला आणि म्हणाल्या, "मग इथे डिसेंबरात तुला ते दुपारी चारलाच म्हणावं लागेल."