ते बघ, ते बघ!

दुपारी गच्चीवर कुरड्या राखायला बसवलं होतं मला, हातात काठी आणि डोक्यावर चंद्रपूरचं ऊन. या उन्हात कावळासुद्धा फिरकत नाही, त्यामुळे उगाच वर बघत होतो, तर जिन्याच्या सावलीत मोबाईल खेळणारा भाचा म्हणाला, मामा, तू तारा तुटताना पाहिलाय?

पाहिलाय की. पण साक्षीदार नाही, हीच पंचाईत.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात झोपायचो. संध्याकाळी पाणी मारून जमीन गार करायची, मग बाजा टाकायच्या, कडेची बाज कुणाची यावरून रोज भांडण. एका रात्री झोप येईना म्हणून जागाच पडलो होतो तर समोरची भिंत एकदम हिरवट उजळली आणि कडुनिंबाची सावली भिंतीवरून सर्रकन सरकत गेली, वर बघेपर्यंत नुसती धुरकट रेघ. आजीला हलवलं तर म्हणे, झोप, गाडी वळली असेल. गाडी! आमच्या गल्लीत रात्री सायकल यायची नाही. सकाळी चहाला काकाने विचारलं, मग आवाज कसा नाही झाला? आणि ते सगळ्यांना पटलं. आता कळतं की तो उजेड ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवरचा, आवाज आलाच तर मिनिटांनी येणार. रशियात चेल्याबिन्स्कला २०१३ मध्ये मोठी उल्का आली तेव्हा लोक उजेड कसला म्हणून खिडकीशी गेले आणि मग दणका आला, काचा अंगावर. काकाला आता सांगून काय उपयोग, त्याला तो चहाही आठवत नसेल.

याउलट २०२२ चा पाडवा. रात्री पावणेआठचा सुमार, जेवणाची सुस्ती, आणि आभाळात निखाऱ्यांची रांगच्या रांग, तीही अगदी निवांत चाललेली. घराघरातून लोकांना हाका मारून झाल्या, शेजारच्या काकू चष्मा शोधून आल्या तरी चालूच! व्हिडिओ निघाले, रात्रभर उल्का उल्का म्हणून फॉरवर्ड. आणि मग आमच्याच जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडलेली सापडली, चिनी रॉकेटचे अवशेष म्हणे. तरीच. उल्का सेकंदाला निदान ११ किलोमीटरने घुसते, ती कुणाच्या चष्म्यासाठी थांबते होय?

भाच्याने विचारलं, मग तू काय मागितलंस? हा प्रश्न मला मुळातच आवडत नाही. तेवढ्यात मागून होतं कुणाचं? लोक आधीच यादी करून झोपत असतील.

आता बायकोने ठरवलंय, डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्का बघायला सगळ्यांनी ताडोब्याच्या बाजूला कुठेतरी अंधारात जायचं, थर्मास घेऊन. जाऊ. पण ऐन वेळी एकजण चहा ओतत असणार, दुसरा साखर आहे का विचारणार आणि बाकीचे त्याच्याकडे बघणार.