बायपासच्या अलीकडं की पलीकडं?

माझं काम नकाशे काढायचं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात तेवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून झालेल्या वस्त्यांच्या, फायलींत गेली. त्यामुळे लग्नात, मयतीला, सलूनमध्ये, कुठंही ओळखीचा माणूस भेटला की हळूच बाजूला घेतो आणि विचारतो, "घर घ्यायचंय. सिटीत घ्यावं का बायपासच्या पलीकडं?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्न येतो, "तुम्ही तर गुलमंडी सोडून देवळाईला गेलात. पस्तावलात का?"

पहिल्याचं उत्तर द्यायला मला कागद बघावे लागतात. दुसऱ्याचं द्यायला आईकडे बघावं लागतं. इतक्यांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकतो.

बाहेरगावच्यांसाठी आधी थोडा भूगोल. आमच्याकडे 'सिटी' म्हणजे दरवाजांच्या आतलं जुनं शहर. गुलमंडी, सराफा, शहागंज, राजाबाजार. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेलं. १९७० च्या दशकात सिडको आलं आणि पूर्वेला एन-वन, एन-टू अशी आकड्यांची वस्ती उभी राहिली. पश्चिमेला छावणी ओलांडली की वाळूजच्या कंपन्या आणि बजाजनगर. दक्षिणेला रेल्वेलाइन, तिच्या पलीकडं बीड बायपास आणि बायपासला लागून सातारा-देवळाई ही दोन गावं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण या चार तुकड्यांतली माणसं एकमेकांच्या भागाला अजून परगावच समजतात. बजाजनगरचा माणूस सिटीकडे निघाला की "औरंगाबादला जायलो" म्हणतो. आम्ही देवळाईकर "सिटीत जाऊन येतो" म्हणतो. आणि गुलमंडीचा माणूस आमच्याकडे येतच नाही, फोन करतो.

मी २०११ मध्ये देवळाईत रो-हाऊस घेतलं, ते हवा चांगली म्हणून नाही. गुलमंडीजवळच्या रंगारगल्लीतल्या आमच्या घरावर कर्ज मिळत नव्हतं, म्हणून. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचं नाव, वारस अकरा, त्यातले दोघं हैदराबादला. एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक, त्यामुळे तिची ओल कुणाची यावर वीस वर्षं चर्चा चालू. भाऊ आणि मी, दोघांचे संसार साडेचारशे फुटांत. पोरगी दहावीला आली तेव्हा तिला अभ्यासाला जागा उरली ती माळ्यावर, आणि आमच्या माळ्यावर एप्रिलमध्ये पापड वाळतात. जुनं शहर सोडणाऱ्यांच्या पुष्कळ गोष्टी मी ऐकल्यात. सगळ्या शेवटी वारसांच्या यादीवर नाहीतर माळ्यावर येऊन थांबतात.

नव्या घराचा रस्ता ब्रोशरमध्ये तीस फुटांचा होता. राहायला गेल्यावर एका रविवारी ऑफिसचा टेप आणून मोजला, एकवीस भरला. उरलेले नऊ फूट कुणाच्या कंपाउंडात गेलेत ते मला माहीत आहे, रोज सकाळी नमस्कार करतो त्यांना. लेआउट टाकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, तुम्हीच नकाशेवाले, तुम्हाला काय सांगायचं." खरंच काय सांगणार? जन्मभर दुसऱ्यांच्या प्लॉटवर टेप धरला आणि स्वतःच्या वेळी ब्रोशर वाचलं.

देवळाईत तेव्हा ग्रामपंचायत होती. २०१४ मध्ये सातारा-देवळाई मिळून नगर परिषद झाली. तिची पाटी नीट वाळायच्या आत, २०१५ मध्ये, आम्ही महापालिकेत गेलो. एक विटही न हलवता आम्ही गावात, नगरात आणि महानगरात राहून आलो. पावतीवरचं नाव बदलत गेलं. ड्रेनेजचं म्हणाल, तर घरामागचा सेप्टिक टँक तिन्ही राजवटींत तोच.

आता गुंठेवारीबद्दल, कारण निम्मे लोक तेच विचारायला आलेले असतात. वीस बाय तीसचा प्लॉट म्हणजे सहाशे फूट. अख्खा गुंठाही नाही, कारण गुंठा १०८९ फुटांचा. शेतातले असे तुकडे तुकडेबंदीमुळे रीतसर खरेदीखताने विकता येत नव्हते, म्हणून बॉण्डपेपरवर विकले गेले. त्या बॉण्डवर माणसांनी दोन-दोन मजले चढवले, लग्नं लावली. २००१ च्या कायद्याने त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतची अशी घरं नियमित करायची सोय केली, आणि २०२१ मधल्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. मग आमच्या ऑफिसात रांग लागली. पैसे भरून शिक्का मिळाला की माणूस पेढे घेऊन येतो. मी पेढा खातो आणि नळाचं विचारत नाही. शिक्क्याने कागद सुधारतो, रस्ता होता तेवढाच राहतो आणि नळ येतो तेव्हा येतो. तरीही फाईल कराच, कारण पुढं विकताना पहिला प्रश्न तिचाच निघतो. नवा प्लॉट घेत असाल तर एनए-४४, म्हणजे बिगरशेतीची परवानगी, आहे का एवढंच विचारून परत फिरू नका, मंजूर लेआउटची प्रत मागा आणि रविवारी टेप घेऊन जा.

एक प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारतात, "आजूबाजूला आपलीच माणसं हायेत ना?" एका दिवशी सकाळी पुंडलिकनगरचा, हिंदू वस्तीतला, माणूस हे विचारून गेला आणि दुपारी कटकट गेटचा, मुस्लिम वस्तीतला. शब्द जवळजवळ तेच होते. १९८८ ची दंगल झाली तेव्हा मी लहान होतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत गल्लीतली काही घरं सिडकोत गेली, आणि अंगणातले टाके, उंबरे, ओटे मागं राहिले. मी कुणाला उपदेश करत नाही, करायचा अधिकारही नाही. फक्त नकाशावर या रेघा काढाव्या लागत नाहीत, तरी त्या सगळ्यांना दिसतात. माझं स्वतःचं सांगायचं तर देवळाईत आजूबाजूला सगळी आपलीच माणसं आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांची नावं मला माहीत नाहीत.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगतो. माझ्या मते या शहराची खरी फाळणी रेल्वेलाइनीने केलेली नाही, नळाने केलीय. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी उचलायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीच्या टाक्यांत चढवायचं आणि तिथून शहरात सोडायचं. जुन्या दोन जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या. मोठी फुटली की पेपरात 'पाणीपुरवठ्याचा टप्पा पुढे' अशी बातमी येते आणि नळाच्या दोन पाळ्यांमधल्या पाच दिवसांचे सहा, सहाचे आठ होतात. वर्षाची पाणीपट्टी ४०५० रुपये होती, ती २०२२ मध्ये २०२५ वर आणली. लोक म्हणाले, पैसे निम्मे केले, आता दिवसही निम्मे करा. १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, पुढं तिचा खर्च २७०० कोटींच्या वर गेला. तिचे पाइप २५०० मिलिमीटरचे. पैठण रोडच्या कडेला ते पडून होते तेव्हा मी गाडी लावून एकात उभा राहून आलो. हात वर केला तरी डोक्यावर जागा उरत होती. पन्नाशीच्या माणसाने करायची गोष्ट नाही ही, पण केली.

यातलं गमतीचं म्हणजे नक्षत्रवाडी आमच्याच बाजूला. म्हणजे सिटीचं पाणी आमच्या शेजारून चढून जातं आणि आम्ही टँकरवाल्याला फोन लावत बसतो. बोअर जानेवारीपर्यंत साथ देतो. होळीनंतर मोटार नुसती गुरगुरते. मग टँकर, आणि मे महिन्यात टँकरवाला आपल्याला ओळख देईल की नाही याची धाकधूक.

वाळूजला नोकरी असेल तर बजाजनगर बघा. तिथं एमआयडीसीचं पाणी आहे आणि शिफ्ट सुटल्यावर नगर नाक्याच्या गर्दीत जीव जात नाही. परवडत असेल तर सिडको घ्या. रस्ते आखीव, कागद बरे, लीजच्या हस्तांतराची भानगड तेवढी समजून घ्या. या दोन्हींवर मला जास्त बोलता येत नाही, मी तिथं राहिलेलो नाही.

आता आई. आम्ही तिला देवळाईला आणलं तेव्हा ती खूश होती. तिच्या लेखी सातारा म्हणजे खंडोबाचा. चंपाषष्ठीला तिच्या लहानपणी बैलगाडीने यायचे, तेव्हा मधे सगळं माळरान होतं. आता खंडोबाच्या इतक्या जवळ राहायला मिळणार म्हणून तिने पहिल्याच रविवारी तळी भरली. मग दिवस सुरू झाले. चार वाजले की ती पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायची. रंगारगल्लीत ओट्यावर बसलं की तासाभरात पन्नास माणसं जायची आणि चाळीस थांबायची. इथं कंपाउंडची भिंत तिच्या डोळ्यांच्या उंचीला. एकदा मी विचारलं, "कसं वाटायलंय?" म्हणाली, "घर लई चांगलं हाये रे. माणूस दिसंना."

दिसायचा तो एकच, टँकरवाला. पाइप हौदात सोडून तो मोबाइल बघत उभा राहायचा. आईने त्याला चहा द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या चहाला तिने त्याचं गाव काढलं. पैठण तालुक्यातला होता. आज्याची जमीन धरणात गेलेली. रात्री जेवताना तिने हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "त्याच्याच रानातलं पानी इकतोय म्हण की." मी म्हटलं, अगं ते बोअरचं असतं, धरणाचं नाही. तिला त्यात काही फरक वाटला नाही.

दीड वर्षाने गणपतीत ती सिटीतल्या घरी गेली. राजाबाजारातून संस्थान गणपतीची मिरवणूक निघते, ती बघायला म्हणून चार दिवसांसाठी. ती परत आलीच नाही. भांडण नाही, रुसवा नाही. आधी औषधं मागवून घेतली, मग स्वेटर, मग देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. बाळकृष्ण नेला तेव्हा मी समजलो.

तर पस्तावलो का? पोरीसाठी नाही. तिला खोली मिळाली, ती शिकली, आज पुण्यात आहे. म्हणजे जिच्यासाठी घेतलं तीच तिथं राहत नाही, हे वेगळं. माझ्यासाठी विचाराल तर संध्याकाळी सात वाजता देवळाईत गाडी लावायला जागा मिळते, यावर मी अजून खूश आहे. आईच्या बाबतीत हो, पस्तावलो.

आणि एक सांगायचं राहिलं. प्यायचं पाणी आम्ही अजून रंगारगल्लीतलंच पितो. नळाचा दिवस असला की भावाचा फोन येतो, रात्री अकराला नाहीतर पहाटे तीनला, लाइनमन व्हॉल्व्ह कधी उघडतो त्यावर. मी स्कूटरला चार कॅन बांधून निघतो. शिवाजीनगरच्या रेल्वेगेटवर पूर्वी मालगाडी जाईस्तोवर ताटकळायचो, आता खालून भुयारी मार्ग झालाय. पैठण गेटपासून पुढं सगळी दुकानं बंद आणि गल्लीगल्लीत नळातून पाणी ओढणाऱ्या टिल्लू पंपांची घरघर. आई ओट्यावर जागीच असते. गल्लीत कुणाचा हौद भरला, कुणाकडं अजून धार पोचली नाही, हे तिला बसल्याजागी माहीत असतं. तिसरा कॅन भरत आला की ती आतल्या दिशेने ओरडते, "बंद करा रे मोटार. पलीकडच्यांना येईना गेलंय." चौथा कॅन मग बारीक धारेखाली भरायचा. वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळ मी तिच्याशेजारी बसतो.