धावण्याच्या घड्याळाची बॅटरी बदलताना

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून मी परतीच्या उताराला लागले आणि नेमके त्याच वेळी मनगटावरचे घड्याळ बंद पडले. मिनिटभरापूर्वीच मी त्यात पाहिले होते आणि तेव्हा बॅटरी ३८ टक्के शिल्लक दाखवत होती. उरलेले अंतर मी शेजारून धावणाऱ्यांना वेळ विचारत पूर्ण केले. घरी आल्यावर चार्जरला लावताच घड्याळ जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाले आणि पुन्हा ३१ टक्के दाखवू लागले. हे घड्याळ मी २०१९ साली घेतले होते. धावायला मी पंचेचाळिशीनंतर लागले, त्यामुळे पहिल्या धापा टाकत केलेल्या दोन किलोमीटरपासूनच्या सगळ्या नोंदी त्याच घड्याळाने केलेल्या आहेत, आणि केवळ बॅटरी म्हातारी झाली म्हणून ते अडगळीत टाकण्याची माझी तयारी नव्हती. ती बॅटरी बदलून घ्यायला मला जवळजवळ अडीच महिने लागले.

प्रथम मी घरच्या घरी करता येण्यासारखे उपाय केले. मोबाइलशी असलेली जोडणी तोडली, पडद्याचा उजेड कमी केला, मनगटावरून सतत चालणारी नाडीची मोजणी बंद केली. घड्याळाच्या पाठीवरच्या चार्जिंगच्या पितळी ठिपक्यांवर घामाच्या क्षाराचा हिरवट थर बसलेला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने साफ केला. याने एक फायदा झाला: चार्जिंग मध्येच तुटायचे ते थांबले. बॅटरीचे आयुष्य मात्र जिथे होते तिथेच राहिले. जीपीएस सुरू ठेवून खिडकीत ठेवलेले घड्याळ सव्वादोन तासांत बंद पडायचे, तेही प्रत्येक वेळी तीस-चाळीस टक्क्यांवरून एकदम. याचे कारण मला पुढे समजले. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते, शिवाय तिचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला होणारा आतला अडथळाही, वाढत जातो. त्यामुळे जीपीएससारखा जास्त वीज ओढणारा भाग चालू झाला की तिचे व्होल्टेज क्षणभर खाली कोसळते आणि घड्याळाला वाटते की बॅटरी संपलीच. टक्केवारीचा आकडा हा घड्याळाचा अंदाज असतो, आणि म्हाताऱ्या बॅटरीबाबत तो अंदाज सपशेल चुकतो.

त्यानंतर मी कंपनीच्या अधिकृत सेवेकडे गेले. कंपनीचे नाव मी इथे देत नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांच्या घड्याळांबाबतही धावणाऱ्या मित्रमंडळींकडून मी जवळपास हेच ऐकले आहे. ईमेलने अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि तक्रारीचे वर्णन पाठवल्यावर उत्तर आले की वॉरंटी संपलेली असल्यामुळे आणि या मॉडेलची बॅटरी आम्ही बदलून देत नसल्यामुळे आपण जुने घड्याळ जमा करून ९,८०० रुपयांत त्याच मॉडेलचे दुरुस्त केलेले दुसरे घड्याळ घ्यावे. मी ते २४,००० रुपयांना घेतले होते. दुरुस्त केलेल्या घड्याळात बॅटरी नवी असेल का, या माझ्या प्रश्नाचे उत्तर दोनदा विचारूनही मिळाले नाही. तरीही तपासणी तरी होऊ दे, असा विचार करून मी ते एका संकलन केंद्रात जमा केले. तिथल्या मुलाने जॉबशीटवर ‘बॅटरी टिकत नाही’ एवढेच लिहून घेतले. १९ दिवसांनी घड्याळ जसेच्या तसे परत आले; सोबतच्या कागदावर ‘ग्राहकाने अंदाजपत्रक नाकारले’ असा शेरा होता आणि तपासणीचे ५०० रुपये माझ्याकडून घेण्यात आले. मला कोणतेही अंदाजपत्रक कधीच मिळालेले नव्हते.

रक्कम लहान होती, पण त्या खोट्या शेऱ्याचा मला राग आला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. पलीकडच्या बाईंनी अतिशय व्यवस्थित, न कंटाळता माहिती विचारली आणि जॉबशीटचा फोटो, पैसे भरल्याची पावती व ईमेलचा पत्रव्यवहार जोडायला सांगितला. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि तडजोडीचा प्रयत्न करते. त्यातून काही निघाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्कही पडत नाही. माझ्यावर तिथवर जाण्याची वेळ आली नाही. बारा दिवसांनी कंपनीचा फोन आला, ५०० रुपये परत मिळाले, दिलगिरीही व्यक्त झाली. बॅटरीचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर एक घड्याळजी आहेत. माझ्या वडिलांच्या चावीच्या घड्याळापासून आमच्या घरातली सगळी घड्याळे त्यांच्याकडेच जातात आणि आम्ही त्यांना काका म्हणतो. मी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावून ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “ताई, हे घड्याळ नाही, हा मोबाइल आहे. याच्या पोटात मी हात घालणार नाही.” त्यांच्याकडे काम झाले ते छातीला बांधायच्या नाडीपट्ट्याचे. त्यात नेहमीचा सीआर २०३२ हा गोल सेल असतो आणि तो दहा मिनिटांत बदलून झाला. या क्रमांकाचा अर्थही काकांनीच सांगितला: २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. त्यामुळे सीआर २०२५ हा सेल त्याच व्यासाचा असूनही पातळ असतो, आणि तो तिथे बसवला तर कधी चालतो, कधी धक्का बसताच बंद पडतो.

सोबत मी यजमानांचे जुने कॅसिओचे डिजिटल घड्याळही नेले होते. त्याचा सेल वर्षभरापूर्वी रस्त्याकडेच्या एका दुकानात पाच मिनिटांत बदलून घेतला होता, आणि पुढच्याच महिन्यात टिळक तलावावर पोहून आल्यावर त्याच्या काचेला आतून वाफ धरली होती. काकांनी मागचे चार स्क्रू काढले आणि झाकणाखालची रबरी रिंग मला चिमट्याने उचलून दाखवली. ती एका जागी खोबणीतून बाहेर येऊन झाकणाखाली चेपली गेली होती. त्यांनी नवी रिंग घेतली, बोटावर सिलिकॉनचे ग्रीस अगदी पुसट घेऊन तिला लावले, ती खोबणीत पुरती बसल्याची खात्री केली आणि मग स्क्रू समोरासमोरचे अशा क्रमाने थोडे थोडे आवळले. त्याआधी नवा सेल घातल्यावर आतल्या ‘एसी’ असे लिहिलेल्या ठिपक्याला आणि सेलच्या धन बाजूला चिमट्याने दोनेक सेकंद जोडून धरले, कारण तसे केले नाही तर पडद्यावर भलतेच आकडे येऊ शकतात. “सेल कोणीही घालतो हो,” काका म्हणाले, “झाकण लावता आले पाहिजे.”

हे वाक्य ऐकल्यापासून मी माझ्या घड्याळासाठी माणूस शोधताना बॅटरीऐवजी झाकणाबद्दल विचारू लागले, आणि निवड एकदम सोपी झाली. तपकीर गल्लीत मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरताना तिघांनी ‘होऊन जाईल मॅडम, संध्याकाळी या’ असे सांगितले; पण पाण्याचे काय, असे विचारताच एकाने ‘वरून फेविक्विक लावून देतो’ असे उत्तर दिले. मी तिथून हात जोडून निघाले. चौथ्या दुकानदाराने मात्र आपल्याकडे ही बॅटरी नाही हे सरळ सांगून सिंहगड रस्त्याला घरातूनच काम करणाऱ्या एका तरुणाचा नंबर दिला.

या तरुणाने घड्याळ हातात घेण्याआधीच तीन गोष्टी सांगितल्या. उघडताना पडदा किंवा पाठीवरच्या नाडीच्या सेन्सरची कागदासारखी पातळ केबल तुटू शकते. मापाची चांगली बॅटरी मिळायला दोन आठवडे लागतील. आणि पाऊस व घाम सोडून पाण्याची कोणतीही हमी तो देणार नाही. इतक्या दिवसांत मला कोणी ‘नाही’ असे इतक्या स्पष्टपणे म्हटलेले नव्हते, त्यामुळे माझा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. मी समोर बसून पाहू का, असे विचारले तर त्याने स्टूल पुढे केले.

पाठीचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराचे होते, त्यांना साधा पेचकस चालत नाही. झाकण थोडेसे उचलल्यावर त्याने ते ओढले नाही, तर एका बाजूला पुस्तकाच्या पानासारखे उलटवले, कारण त्याच बाजूला ती केबल होती. आत चंदेरी पाकिटासारखी बॅटरी होती आणि ती किंचित फुगलेली होती. तिने झाकणाला आतून रेटा दिल्यामुळेच मला गेले काही महिने पाठीकडची फट जाणवत होती. मी ती घामाने आलेली झीज समजत होते. अशी फुगलेली बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते, म्हणून त्याने ती धातूऐवजी प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सोडवली आणि तिच्या तारांच्या टोकांना लगेच चिकटपट्टी लावली. तिच्यावर तीन तारा होत्या, त्यांतली तिसरी तापमान कळवणारी. बॅटरीवर छापलेल्या सहा आकड्यांच्या क्रमांकातून तिचे माप कळते: पहिले दोन आकडे जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात, पुढचे दोन रुंदी, शेवटचे दोन लांबी. २०० एमएएच (वीज साठवण्याच्या क्षमतेचे एकक) छापलेली ती बॅटरी त्याच्या मोजणी यंत्रावर फक्त ८८ भरली. हा आकडा पाहून मला जे समाधान वाटले ते काहीसे विचित्रच म्हणायचे, पण इतके दिवस ‘तुम्ही ॲप अपडेट करून पाहा’ हे ऐकल्यावर ते साहजिक होते.

सोळा दिवसांनी नवी बॅटरी आली, त्याने ती मोजून २०३ भरल्याचे मला दाखवले आणि मगच बसवली. बॅटरीचे १,१०० आणि मजुरीचे ९०० रुपये झाले. जुनी बॅटरी मी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाला दिली.

आता झाकण नीट बसले आहे की नाही, हे पाहायचे राहिले होते. त्या तरुणाकडे दाब तपासण्याचे यंत्र नव्हते. काकांकडे होते, आणि या तपासणीला त्यांनी खुशीने होकार दिला. काचेच्या नळकांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी असते, घड्याळ पाण्याच्या वर टांगतात आणि पंपाने हवेचा दाब वाढवतात. झाकणात फट असेल तर ही दाबलेली हवा आत शिरते. मग घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी केला की आत शिरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागते. घड्याळावर ५ एटीएम (वातावरणाच्या दाबाच्या पाचपट) असे लिहिलेले असले तरी काकांनी दाब ३ च्या पुढे नेला नाही. या ५ एटीएमचा अर्थ ५० मीटर खोल जाता येते असा नसतो, तर तेवढ्या पाण्याच्या स्थिर दाबाला नवे घड्याळ टिकते असा असतो. हात मारून पोहताना आणि बटण दाबताना गोष्ट वेगळी होते. पट्ट्याच्या खाचेतून आणि हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या बॅरोमीटरच्या भोकातून आलेले चारदोन बुडबुडे लगेच थांबले, ते तिथे अडकलेल्या हवेचे होते. पण खालच्या डाव्या बटणाजवळून बारीक माळ सुटली आणि ती थांबेना. काकांनी दाब कमी करण्याचे ताबडतोब थांबवले, घड्याळ पाण्याबाहेर घेतले आणि मगच उरलेला दाब सोडला, कारण दाब पूर्ण उतरेपर्यंत ते पाण्यात राहिले असते तर त्याच वाटेने पाणी आत गेले असते.

मी घड्याळ परत सिंहगड रस्त्याला नेले. दोष बॅटरी बदलण्यात नव्हता; बटणाच्या दांडीवरची बारीक रबरी रिंग पाच वर्षांच्या घामाने कडक होऊन तडकली होती. म्हणजे मी इतके पावसाळे ज्या भरवशावर धावत होते, तो भरवसा बहुधा बऱ्याच आधी संपलेला होता. त्या तरुणाने पाचही बटणांच्या रिंगा बदलल्या आणि २०० रुपये घेतले. काकांकडच्या दुसऱ्या तपासणीत माळ सुटली नाही. त्यांनी दोन्ही तपासण्यांचे मिळून १५० रुपये घेतले आणि आपल्या वहीत माझ्या नावापुढे दोन वर्षांनंतरची तारीख लिहून ठेवली.

पूर्ण चार्ज करून जीपीएस सुरू ठेवले तेव्हा घड्याळ ९ तास ४० मिनिटे चालले. पोहताना मी ते काढून ठेवते आणि गरम पाण्याने अंघोळ करताना तर नक्कीच, कारण उष्णतेने आणि साबणाने रिंगा लवकर खराब होतात. एकच गोष्ट पूर्वीसारखी राहिलेली नाही: बॅरोमीटर आता उंची दहाबारा मीटर कमी दाखवतो, त्यामुळे वेताळ टेकडीवर जाण्याआधी घराच्या गच्चीवर उभे राहून मला ती दर वेळी हाताने जुळवून घ्यावी लागते. तेवढ्यासाठी ते झाकण पुन्हा उघडायला मी कोणालाही सांगणार नाही.