लीकी चिप म्हणजे खराब चिप असं नाही

ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या गप्पांमध्ये कुणीतरी हमखास सांगतं की माझी चिप भारी निघाली, कमी व्होल्टेजवर चालते, म्हणजे थंडच असणार. मला हे दरवेळी खटकतं, कारण कमी व्होल्टेज मागणारी चिप बऱ्याचदा जास्त लीक करणारी असते आणि ती थंड असेलच असं काही नाही.

त्याचं असंय की ट्रान्झिस्टर ऑफ केला तरी पूर्ण बंद होत नाही, थोडा करंट आरपार जातच राहतो, हेच लीकेज. तो ज्या व्होल्टेजला ऑन होतो तो त्याचा थ्रेशोल्ड. थ्रेशोल्ड कमी असला की ट्रान्झिस्टर झटकन ऑन होतो, कमी व्होल्टेजमध्ये जास्त क्लॉक (चिपचा वेग, गिगाहर्ट्झमध्ये) मिळतो, पण ऑफ असतानाचं लीकेज भसाभस वाढतं, थ्रेशोल्ड १०० मिलिव्होल्ट खाली आला की जवळपास दहापट धरा. आणि एकाच मॉडेलच्या दोन चिप्समध्ये सुद्धा हा फरक असतो, गेटची (ट्रान्झिस्टर ऑन-ऑफ करणाऱ्या भागाची) लांबी बनवताना नॅनोमीटरच्या हिशोबात थोडी इकडेतिकडे होतेच. म्हणजे फास्ट चिप आणि लीकी चिप ही बहुतेक वेळा एकच चिप असते!

आता व्होल्टेज. क्लॉकमुळे लागणारी पॉवर क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. समजा ४.५ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालू होतं आणि तुम्ही ५ साठी १.३५ दिलं, तर क्लॉक ११ टक्के वाढला पण ही पॉवर ४० टक्के वाढली. लीकेज यात धरलेलंच नाही, ते व्होल्टेजने वेगळं वाढतं, आणि चिप तापली की तापल्यामुळे अजून वाढतं, मग त्या लीकेजने चिप अजून तापते, कूलर कमी पडला की हे चक्र थ्रॉटलिंगपर्यंत जातं, म्हणजे चिप तापू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. मे महिन्यात बिना एसीच्या खोलीत जानेवारीतली स्टेबल सेटिंग क्रॅश होते त्यात याचाही हात असतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे इंटेलचा प्रेसकॉट, पेंटियम ४ प्रोसेसरची एक आवृत्ती. फेब्रुवारी २००४, ९० नॅनोमीटरची प्रोसेस (चिप बनवण्याचं तंत्र, आकडा लहान तसे ट्रान्झिस्टर लहान), गेटखालचा करंट अडवणारा ऑक्साइडचा थर फक्त १.२ नॅनोमीटर, म्हणजे मोजून काही अणू, त्यातून सुद्धा करंट झिरपत होता. प्रोसेस लहान झाली की चिप थंड होणार हे तोपर्यंत सगळे गृहीत धरायचे, पण ३.४ गिगाहर्ट्झलाच आधीचा १३० नॅनोमीटरचा पेंटियम ४, नॉर्थवुड, ८९ वॅटचा आणि हा १०३ वॅटचा. अर्थात ट्रान्झिस्टरही दुपटीपेक्षा जास्त होते आणि पाइपलाइन (प्रत्येक सूचना ज्या टप्प्यांतून जाते ती साखळी) लांब होती, सगळा दोष लीकेजवर टाकणं बरोबर नाही. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. पुढे २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरला गेटखाली हाफ्नियमवाला ऑक्साइड आणि २०१२ मध्ये २२ नॅनोमीटरला फिनफेट (गेटने तीन बाजूंनी वेढलेले उभे ट्रान्झिस्टर) आले तेव्हा लीकेज आटोक्यात आलं, संपलं मात्र नाही.

मला सगळ्यात आवडणारा भाग चिप लिक्विड नायट्रोजनने गार करण्याचा. उणे १९६ डिग्रीला ट्रान्झिस्टर ऑफ असतानाचं लीकेज जवळपास गायबच होतं, मग लीकी चिपचा तोटा जातो आणि वेग तेवढा शिल्लक राहतो, म्हणून एएमडीने २००९ मध्ये आपल्या फेनम टू प्रोसेसरच्या मुद्दाम जास्त लीकेजवाल्या चिप्स वेगळ्या काढून टीडब्ल्यूकेआर नावाने एक्स्ट्रीम ओव्हरक्लॉकर्सना दिल्या, दुकानात विकल्याच नाहीत. साध्या पंख्याच्या कूलरवर चालवायला अशी चिप त्रासदायकच.

तेव्हा चिप चांगली की वाईट हे कूलर बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. साध्या टॉवर कूलरवर मी तर थोडं जास्त व्होल्टेज मागणारी पण कमी लीक करणारी चिप घेईन, लॅपटॉपला तर नक्कीच. घरी बघायचं असेल तर क्लॉक आणि व्होल्टेज फिक्स करा, ऑटो अजिबात नको, एकच लोड चालू ठेवा आणि पंखे आधी स्लो मग फुल करून मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज पॉवर (पूर्ण प्रोसेसरचे वॅट) बघत बसा. चिप थंड होत जाते तसे वॅट थोडे खाली येतात, काम तेवढंच, क्लॉक तोच, जे कमी झालं त्यातलं बहुतेक सगळं लीकेजच.