पायरीवरचे मीठ आणि गिरगावातला पॉट

टोरांटोत घराच्या पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा थर धरला, की मी दारामागच्या पिशवीतले खडेमीठ मूठभर पसरतो आणि थोड्याच वेळात प्रत्येक खड्याभोवती ओलसर वर्तुळ उमटते. परवा व्हिडिओ कॉलवर हे पाहून गिरगावातून बाबांनी विचारले, ‘अरे, आपण तर मीठ घालून आइस्क्रीम गोठवायचो, मग तुझ्याकडे त्याच मिठाने बर्फ वितळतो कसा?’

प्रश्न रास्त होता. मे महिन्यात आमच्या चाळीत भाड्याने लाकडी पॉट येई. मधल्या डब्यात आटवलेले दूध आणि हापूसचा रस, भोवती फोडलेली बर्फाची लादी आणि तिच्यावर जाडे मीठ. दांडा फिरवायला आम्हा मुलांची रांग लागे आणि बादलीच्या भोकातून खारे पाणी गॅलरीभर गळत राही. त्या गळणाऱ्या पाण्यातच बाबांचे उत्तर होते, कारण बर्फ तिथेही वितळतच होता. गोठत होते ते फक्त दूध.

शून्य अंशाला बर्फावरून पाण्याचे रेणू जितके सुटतात, तितकेच पुन्हा येऊन चिकटतात. पाण्यात मीठ विरघळले, की चिकटणाऱ्यांची संख्या घटते, सुटणाऱ्यांची मात्र नाही, आणि बर्फ वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. पॉटमध्ये ती दुधातून ओढली जाते आणि खारे मिश्रण शून्याच्या बरेच खाली उतरते. पायरीवर ती सिमेंटमधून आणि हवेतून मिळते.

विरघळलेला पदार्थ कोणता, यापेक्षा त्याचे कण किती, याला इथे महत्त्व आहे. एक किलो पाण्यात 342 ग्रॅम साखर घातली, तर गोठणबिंदू जेमतेम 1.86 अंशांनी उतरतो, 58.5 ग्रॅम मीठ मात्र (या दोन वजनांत साखरेचे रेणू आणि मिठाच्या जोड्या सारख्याच असतात) सोडियम आणि क्लोराइड असे दुप्पट कण देते आणि त्याला साधारण साडेतीन अंशांनी खाली नेते. (कुल्फीत साखर सढळ हाताने पडली, की ती नीट धरत नाही, त्याचेही कारण हेच.)

पण मिठालाही मर्यादा आहे. पुस्तकात उणे 21 अंशांपर्यंतचा आकडा असतो, तो मिश्रणात सुमारे 23 टक्के मीठ असेल तेव्हाचा. प्रत्यक्षात उणे 10 च्या खाली ते फारच मंदावते. जानेवारीतल्या एका सकाळी, पारा उणे 19 वर असताना, मी पसरलेले मीठ वाळूसारखे कोरडे पडून राहिले आणि त्याच्या भरवशावर पाय टाकणारा मी सरळ खालच्या पायरीवर जाऊन बसलो. तेव्हापासून कडाक्याच्या थंडीसाठी कॅल्शियम क्लोराइड ठेवतो. त्याचे तीन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात, शिवाय विरघळताना ते स्वतःच उष्णता सोडते.

सगळे ऐकून बाबांनी विचारले, की या खाऱ्या पाण्याने सिमेंट खराब होत नाही का. होते, ते बारीक छिद्रांत मुरते, पुन्हा पुन्हा गोठते आणि फुगते, आणि आमच्या खालच्या पायरीची कड याच मार्च महिन्यात सुटून हातात आली.