टोकन टाकण्याआधी

जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गाडी पसंत पडतेय असं दिसलं की एक वाक्य हमखास येतं: "साहेब, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, दहा हजार टोकन टाकून ठेवा." ही पार्टी बहुधा नसतेच. पण टोकन एकदा गेलं की ते बुडेल या भीतीने माणूस पुढचे दोष पोटात घालतो. म्हणून तपासणी आधी, पैसे नंतर.

सगळ्यात जुनी चलाखी मीटर मागे घेण्याची. डिजिटल मीटर आल्याने ती थांबली नाही, उलट लॅपटॉप जोडून काम सफाईने होऊ लागलं. त्यामुळे डॅशबोर्डवरचा आकडा सोडा, चॅसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास काढा. तिथे दर वेळी किलोमीटर नोंदवलेले असतात. २०२२ मध्ये ७१ हजार आणि आज ४८ हजार असं दिसलं तर बोलणंच खुंटलं. मालकाच्या संमतीशिवाय माहिती देत नसतील तर डीलरलाच मालकाला फोन लावायला सांगा. शिवाय टायर पाहा: बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर २२ हजार आणि चारही टायर २०२४ चे? पहिले टायर इतक्यात का संपले, विचाराच.

दुसरी चलाखी कमी लोकांना माहीत आहे. इंजिनचा दिवा पेटत असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड, पुसतात. दिवा विझतो, बिघाड तसाच राहतो. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं. ब्लूटूथचा स्वस्त अडॅप्टर लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर "कोड पुसल्यापासूनचं अंतर" बघा. तिथे ४ किलोमीटर दिसले आणि रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या करते त्या चाचण्या) अपूर्ण असले, तर पुसापुशी ताजी आहे. डीलर म्हणेल, बॅटरी बदलली. तसंही होऊ शकतं. मग गाडी आणखी चालू द्या, मॉनिटर पूर्ण झाले की पुन्हा स्कॅन करा. नकार आला तर दुसरी गाडी बघा.

जाण्याआधी फोन करून "गाडी चालू करू नका" म्हणून सांगा आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनचा त्रास लपवायचा आहे असं धरून चाला. स्टार्ट केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय.

पुरात बुडालेल्या गाड्या आपल्याकडे नव्या नाहीत. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण. विमा कंपनी अशी गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, ठरवते, ती भंगाराच्या भावात जाते आणि धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहू शकते. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेल्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो, कारण तिथवर कोणी ब्रश नेत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डाही बघा, गंज दिसेल. वायरिंगच्या जोडांमध्ये पाणी शिरलेलं असतं आणि ते हळूहळू कुजत असल्याने बिघाड काही महिन्यांनी उगवतो, म्हणजे डीलरची वॉरंटी संपल्यावर.

कागदांत खरी गोम आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी डीलरकडे सोपवल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यायची असते. तरी कोऱ्या तारखेचे, सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) फायलीत ठेवून धंदा चालतोच. सही जुळली नाही किंवा मूळ मालक ओटीपी द्यायला तयार झाला नाही की ट्रान्सफर अडकते. आधी अधिकारपत्र मागा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात घ्या. परिवहनच्या वेबसाइटवर मालक कितवा, बोजा आहे का, हे तपासा. प्रलंबित ई-चलनंही बघा.

"नो क्लेम बोनससकट (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विमा देतो" हे धादांत खोटं. बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. विमा नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात.

लोनमध्ये "८ टक्के" सांगतील, ते फ्लॅट असतात, म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं. ५ लाखांवर ४ वर्षांत व्याज १ लाख ६० हजार, हप्ता १३,७५०. घटत्या शिलकीवर हाच दर १४ टक्क्यांच्या वर जातो.

टोकन द्यायचंच तर पावतीवर चॅसिस नंबर, मीटरचा आकडा, "अपघात नाही, पूर नाही" आणि "यातलं काही खोटं निघाल्यास टोकन परत" हे लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. पुढे ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला किंवा जिल्हा ग्राहक आयोगात हाच कागद कामी येतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही; मुदत २ वर्षांची आहे.